मिटवलेली गोष्ट

नोहेआच्या लेकीचं, माहेचं, पहिलं बाळ ज्या वर्षी वर्षाचं झालं, ते साल २००२. वायोहिनू गावातली जुनी माणसं अजूनही त्या सालाला काहेले घराच्या बाळाचं साल म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात. बाळाच्या वाढदिवशी वारा पडला होता. ज्वालामुखीचा धूर, जो एरवी वारा समुद्राकडे हाकलून देतो, तो गावावर येऊन बसला होता. सूर्य न घासलेल्या पितळी ताटलीसारखा दिसत होता आणि ज्याच्या त्याच्या घशात खवखव होती.

नोहेआचा भाऊ एझरा सकाळच्या विमानानं होनोलुलूहून हिलोला उतरला. घ्यायला त्याचा मेव्हणा आला होता, नोहेआचा नवरा बेनी. साखर कारखाना बंद पडल्यापासून बेनी मॅकाडेमियाच्या बागेत कामाला जायचा, आणि त्याच्या ट्रकमध्ये पायाखाली कायम टरफलं चुरचुरायची.

"पाठ कशी आहे?" बेनीनं विचारलं.

"आहे तशी."

"म्हणजे वाईट."

"म्हणजे आहे तशी, बेनी."

"सरकारी खुर्चीत बसून बसून तुझी पाठच खुर्ची झाली. निवृत्त झालास, तरी खुर्ची काही निघाली नाही आतून." बेनी स्वतःच हसला. मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "आज येणार आहेत. अंकल हिराम, आणि होनोलुलूच्या कार्यालयातली एक बाई. नोहेआ चार घास धड जेवलेली नाही या आठवड्यात."

कोण येणार आणि कशासाठी, हे एझराला बेनीपेक्षा जास्त ठाऊक होतं.

एझराच्या आईचं नाव लाहेला. ती लोमी करायची, म्हणजे माणसांची अंगं चोळून द्यायची. आजीकडून आलेले हात. पडवीत केवड्याच्या पात्यांची चटई, कुकुईच्या बियांचं तेल, वाफवलेली पानं, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा तिचा हात माणसाच्या पाठीवरून असा फिरायचा की आलेला माणूस बोलता बोलता गप्प व्हायचा आणि गप्प होता होता झोपायचा. पैसे तिनं कधी मागितले नाहीत. कुणी मासे आणायचं, कुणी अळकुड्या. सरकारी नियमाप्रमाणे या कामाला परीक्षा होती, हाडांची नावं इंग्रजीत लिहायची होती. लाहेलाला कुणी ते विचारलं नाही, आणि तिनंही कुणाला विचारलं नाही. गेल्या वर्षी मात्र कुणीतरी कागाळी केली आणि बंद करा म्हणून हुकूम आला. पडवीतली चटई गुंडाळली गेली. तेवढ्यात नवा कायदा आला: बेटावरच्या वडीलधाऱ्यांचं मंडळ ज्या घराचे हात जुने आणि खरे म्हणून मानेल, त्या घराला परीक्षा नाही. लाहेलाला मान्यता मिळाली तर तिच्यामागे नोहेआलाही मिळणार होती. नाही मिळाली, तर पडवी कायमची बंद. लाहेला ब्याऐंशी वर्षांची होती, तिचं काय. प्रश्न नोहेआचा होता. तिनं आयुष्यात दुसरं काही केलंच नव्हतं.

आणि आड येणारी गोष्ट एकच होती. ती एझरानं केलेली होती.

१९८३ साली त्याचा बाप सोलोमोना पोटाच्या कर्करोगानं गेला. त्यानंतर महिन्याभरात होनोलुलूच्या विधानभवनात लोमीला मान्यता द्यावी की नाही यावर सुनावणी झाली. एझरा तेव्हा आरोग्य खात्यात होता. कुणी बोलावलं नसताना तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझी आई तीन महिने माझ्या बापाचं पोट चोळत होती. आत कर्करोग होता. याला तुम्ही उपचार म्हणणार असाल तर जरूर द्या मान्यता." कुणी हसलं नाही. ठराव पडला. त्याचं बोलणं शब्दन् शब्द नोंदीत गेलं.

पुढच्या वर्षी त्याची मावशी कालेई हिनं बैठक बसवली. घरातली गाठ सोडवायची जुनी रीत, हो-ओपोनोपोनो. चौघंच होती: लाहेला, एझरा, नोहेआ आणि मधे कालेई. एकमेकांशी बोलायचं नाही, जे बोलायचं ते कालेईशी. सकाळी बसली ती ऊन कलेपर्यंत उठली नाहीत. सगळं बोलून झालं, रडून झालं, सोडून झालं, तेव्हा कालेईनं सगळ्यांना काला नावाचं समुद्रशेवाळ चिमूटभर खायला दिलं आणि म्हणाली, "कापलं. आता हे कुणी उचलायचं नाही. वाईटासाठी नाही, चांगल्यासाठीसुद्धा नाही."

त्यानंतर त्या घरात सोलोमोनाचं नाव निघे, त्याच्या मासेमारीच्या गोष्टी निघत, त्याचं मरण कधीच निघालं नाही. कालेई पुढे गेली. होनोलुलूतली नोंद राहिली, आरोग्य खात्याच्या फायलीत. ती मागे घ्यायची तर का घेतो ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं तर कापलेलं उचलावं लागलं असतं. एझरा रोज त्याच इमारतीत कामाला जायचा आणि त्या नोंदीला हात लावू शकत नव्हता.

*

लाहेला निरफणसाच्या झाडाखाली खुर्चीत बसली होती. मांडीवर बाळ. ती त्याचे तळवे अंगठ्यानं चोळत होती. नातवंडं-पतवंडं चोळायला हुकमाची आडकाठी नव्हती. एझरा वाकला, तिनं त्याच्या नाकाला नाक लावलं आणि त्याचा श्वास आत घेतला.

"वाळलास."

"तूही वाळलीस, आई."

"मी वाळणारच. मी सुकवलेला मासा आहे, मला आता मीठही लागत नाही." तिनं त्याच्या खांद्याकडे पाहिलं. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आला होता. तिनं अंगठे मात्र बाळाच्या तळव्यांवरच ठेवले. मागणाऱ्यालाच हात लावायचा, हा तिच्या आजीचा नियम. आणि एझरानं कधी मागितलं नव्हतं. बैठकीच्या आधीही नाही, नंतरही नाही. आधी विश्वास नव्हता. नंतर तोंड नव्हतं.

ताडपत्रीच्या मांडवात माणसं जमत होती. जमिनीतल्या भट्टीतलं डुक्कर पहाटेपासून शिजत होतं. पोईची, म्हणजे कुटलेल्या अळकुड्यांच्या लगद्याची, पातेली, वाळवलेले मासे, जांभळी रताळी. कुणाचा तरी पुतण्या युकुलेलीच्या तारा लावत होता आणि धुरानं त्याला सारखा खोकला येत होता.

नोहेआ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भावाला पाहून तिनं फक्त मान हलवली. "आलास. बूट बाहेर काढ. फरशी आत्ताच पुसलीय."

मंडळातले अंकल हिराम दुपारी आले. काठी टेकत, पांढरा सदरा घालून, गळ्यात कुकुईच्या बियांची काळी माळ. बरोबर कार्यालयातली बाई, ग्रेस ताकेउची; हातात बटर मोचीचा, तांदळाच्या पिठाच्या गोड वड्यांचा, डबा. बाई चांगली होती. आल्या आल्या बूट काढले, बाळाला बघितलं, डबा नोहेआच्या हातात दिला आणि जिथे बस म्हटलं तिथे बसली. मंडळींनी खुर्च्या जवळ ओढल्या, कारण ही गोष्ट चार भिंतींत करायची नव्हती. घराच्या हातांबद्दल घरानं आणि गावानं ऐकायचं असतं.

"लाहेला," हिराम म्हणाले, "कुणी शिकवलं?"

"आजीनं. बापाच्या आईनं."

"श्वास कुणी दिला?"

"तिनंच. जाताना. माझ्या तोंडावर तोंड ठेवून. तेव्हा हात माझे झाले."

"पैसे मागतेस?"

"देतात ते खाते. हे पोट पैशानं सुटलेलं नाही."

माणसं हसली.

"रागात असलीस तर हात लावतेस?"

"नाही. म्हणून तर लग्न झाल्यावर पहिलं वर्षभर कुणालाच लावला नाही."

या वेळी ग्रेसही हसली, लिहिता लिहिता थांबली. एझराला वाटलं, आई जिंकतेय. त्यानं नोहेआकडे पाहिलं. तिच्या हातात पदराएवढं फडकं होतं आणि ते तिनं पिळून दोरी केलं होतं.

मग ग्रेसनं चष्मा सारखा केला. "आँटी, एक जुनी नोंद आहे. कार्यालयाचं म्हणणं एवढंच आहे की जुन्या प्रत्येक हरकतीला त्या घरानं स्वतः उत्तर द्यावं. कसंही द्या. दोन वाक्यं चालतील."

"मी विचारतो," हिराम म्हणाले. त्यांनी एझराकडे पाहिलं नाही, हे त्यांचं मोठेपण. "सोलोमोनाच्या आजारात तू त्याच्या पोटाला हात लावत होतीस. त्याला इस्पितळात नेलं नाही. असं सुनावणीत सांगितलं गेलंय. तुझं काय म्हणणं आहे?"

युकुलेली थांबली. बाळानं लाहेलाचं बोट तोंडात धरलं होतं, ते तिनं काढून घेतलं नाही.

"ते बंद आहे, हिराम."

"कापलंय?"

"कापलंय."

"कुणी बसवलं होतं?"

"कालेईनं."

हिरामनी मान डोलावली. कितीतरी वेळ ते काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले. "मला हे पुरे आहे, लाहेला. तुझ्या-माझ्यात पुरे आहे. पण मंडळात मीच भांडून हा प्रश्न ठेवून घेतला. उद्या कोनाहून कुणी येईल, ज्याच्या हातून खरंच माणूस गेलाय, आणि विचारलं की म्हणेल, बंद आहे, कापलंय. मग आमच्या मान्यतेला कोण काय किंमत देईल? ह्या हातांना लोकांनी आधीच खूप वर्षं हसून घेतलंय."

"बरोबर आहे तुझं," लाहेला म्हणाली.

"मग बोल."

"बरोबर आहे म्हणाले. बोलते म्हणाले नाही."

ग्रेस कसनुशी झाली. "आँटी, नुसतं 'असं घडलं नाही' म्हणालात तरी..."

"पोरी, भट्टी उघडतायत. आधी जेव," लाहेला म्हणाली, आणि बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

हिराम उठले. "जेवून निघू. जाईपर्यंत वाट बघतो मी."

*

स्वयंपाकघरात नोहेआ रताळी कापत होती, नको तितकी बारीक. एझरा आत आला. खिडकीपाशी माहे बाळाची टोपी शोधत होती.

"आई, तुतू आजी बोलत का नाही?" माहेनं विचारलं. "आजोबांना काय झालं होतं एवढं?"

"बाळाला ऊन लागतंय. बाहेर जा."

"ऊन कुठाय? सूर्य तरी दिसतोय का?"

"माहे."

पोरगी गेली. नोहेआ सुरी खाली न ठेवता म्हणाली, "मी काही म्हणत नाहीये."

"काय म्हणत नाहीयेस?"

"काहीच. मी त्या बैठकीत होते. माझं तोंड बंद आहे."

"माझंही आहे."

"तुझं एकदा उघडलं होतं."

एझरानं नळाखाली हात धरले. हात घाण नव्हते.

"तू होनोलुलूला गेलास," नोहेआ म्हणाली. "मी नाही गेले. मी तेल गाळलं, पानं वाफवली, झोपलेल्या लोकांची लाळ पुसली. मला श्वास मिळायचाय, एझरा, अजून मिळायचाय. आणि मिळाल्यावर मी काय करू त्याचं? चोरासारखी पडवीला कडी लावून बसू? तिचं काय, ती आणखी किती आहे. माझं सगळं आयुष्य तुझ्या चार वाक्यांखाली आलंय." तिनं सुरी ठेवली. ओला हात त्याच्या पाठीवर ठेवला, जिथे दुखत होतं नेमकं तिथे. कित्येक वर्षांत तिनं त्याला हात लावला नव्हता. "पण मी काही म्हणत नाही," ती म्हणाली.

एझराच्या डोळ्यांत पाणी आलं. बहीण आपल्या बाजूला आली, एवढंच त्याला कळलं.

दारात बेनी होता, हातात डुकराच्या मांसाचं ताट. त्यानं किती ऐकलं कोण जाणे.

"बस, एझरा. खाऊन घे."

"हिरामना सोडून येतो गाडीपर्यंत."

"ते पाय घेऊन आलेत, पाय घेऊन जातील. तू बस."

"बेनी, तू नव्हतास तिथे."

"नव्हतो. कारखान्यात पाळीवर होतो, आणि नंतर मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. म्हणूनच म्हणतो. या घरात एक दार बंद आहे, त्याच्यासमोरून मी रोज जातो. कधी वाटतं लाथ मारावी. पण म्हातारी रोज सकाळी त्या दारासमोर बसून गाणं म्हणते आणि तुला फोन करून विचारते जेवलास का. तू तिला विचार आधी. जा, विचार."

"विचारलं तर ती नाही म्हणेल."

"हां," बेनी म्हणाला. "तेच म्हणतो मी."

एझरानं ताट घेतलं, ओट्यावर ठेवलं, आणि त्याच्या शेजारून बाहेर गेला. नोहेआनं त्याला थांबवलं नाही. तिनं पुन्हा रताळी हातात घेतली.

*

गाडी चाफ्याच्या झाडाखाली, दगडी गडग्याला लागून उभी होती. ग्रेस आत बसली होती, दार उघडं. हिराम बाहेर काठीवर रेलून धुराकडे बघत होते.

"अंकल," एझरा म्हणाला.

"विचार केलास?"

"केला."

"नाही केलास. केला असतास तर इथवर आला नसतास." पण त्यांनी डोळे मिटले. ऐकायची त्यांची तीच पद्धत होती.

एझरानं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज सरळ होता, जणू कार्यालयातली फाइल वाचतोय. आईनं पोटाला हात लावायच्या आधीच बाप हिलोच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता, एकटा, मासे विकायला जातो सांगून. डॉक्टर म्हणाला, उशीर झालाय. बाप घरी आला आणि फक्त बायकोला सांगितलं. पोरांना कळवायचं नाही, इस्पितळात न्यायचं नाही, मला समुद्राचा आवाज ऐकत जायचंय. ती म्हणाली, माझ्या हातांनी हे बरं होणार नाही. तो म्हणाला, बरं कर कोण म्हणतंय? मला झोप दे. ती त्याला रोज झोप द्यायची. शेवटी शेवटी तिचे हात थांबले की तो जागा व्हायचा, म्हणून ती बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची आणि हात चालू ठेवायची.

"मी शेवटच्या आठवड्यात आलो," एझरा म्हणाला. "मला फक्त तिचे हात दिसले. त्याच्या पोटावर."

"हे तिनं बैठकीत सांगितलं?"

"तिनं नाही सांगितलं. तिनं त्याला शब्द दिला होता. नोहेआनं सांगितलं. तिनं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. आईनं मान खाली घातली, एवढंच. मी म्हणालो, मला सोडा."

"सोडलं?"

"सोडलं."

ग्रेस लिहीत होती. तिचा आवाज बसला होता, धुरानं किंवा कशानं. "म्हणजे उपचार म्हणून नव्हतंच ते. आराम म्हणून होतं."

"हो."

"मग कायद्यात तोच शब्द आहे. आराम. मला एवढंच लिहायला हवं होतं." तिनं वर पाहिलं. "पण मग तुम्ही हे इतक्या वर्षांत कधी कळवलं का नाहीत? एक ओळ पुरली असती."

उत्तर हिरामनी दिलं. "कारण आजपर्यंत हा शहाणा होता."

ते काठी टेकत मांडवाकडे वळले. दोन पावलं जाऊन थांबले. "मी आता तिला मान्यता देणार, पोरा. द्यावीच लागणार, ती खरी आहे. पण मला आनंदानं देता आली असती तर बरं झालं असतं."

*

हिरामनी आपल्या गळ्यातली काळी माळ काढून लाहेलाच्या गळ्यात घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शंख फुंकला, युकुलेलीवाल्यानं खोकत खोकत सूर धरला. शेजारची लुइका, जिचा खांदा हुकूम आल्यापासून आखडला होता, ती रडायलाच लागली.

लाहेलानं माळेला हात लावला. "कशावरून दिलंस, हिराम?"

हिरामनी नजर काठीकडे वळवली. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं बोलणं म्हणजे त्यांनीही ते उचलणं होतं.

लाहेलानं मांडवात नजर फिरवली. बेनी जमिनीकडे बघत होता. एझरा तिच्याकडे बघत होता. बस, तेवढ्यानं तिला समजलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. राग आला असता तर एझराला सोसला असता. ती फक्त थकली, जसं चढ संपला म्हणून माणूस श्वास घेतो आणि पुढे आणखी चढ दिसतो.

"उपकार झाले, हिराम," ती म्हणाली. "पोरी, तुझेही. मोची चांगली आहे."

पाहुणे गेल्यावर लुइका बाह्या सावरून पुढे आली. "चटई टाकू का? पहिला मान माझा हं, लाहेला. किती दिवस थांबलेय."

"आज नाही, लुइका."

"बरं, उद्या येते."

"उद्या नोहेआकडे ये."

लुइका हसायला गेली आणि थांबली. लाहेलानं स्वतःचे दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले होते, कुणीतरी दुसऱ्यानं तिथे आणून ठेवल्यासारखे. बाळ रांगत तिच्या पायांशी आलं, तर तिनं माहेला हाक मारून त्याला उचलायला सांगितलं.

नोहेआनं भावाला पाण्याच्या टाकीमागे गाठलं. "काय केलंस तू?"

"तुला हवं होतं ते."

"मी म्हटलं होतं? सांग, माझ्या तोंडून निघालं होतं? मी काही म्हणत नाही म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं."

एझरानं तिच्याकडे पाहिलं. ती खरं तेच बोलत होती. तिनं दोनदा म्हटलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "तू नव्हतं म्हटलंस."

"मग तिला सांग तसं. आत्ताच सांग. माझं नाव नाही यात."

त्यानं सांगितलं. लाहेला म्हणाली, "बरं."

*

एझरा परत गेला नाही. गडग्याचे दगड पडले होते ते त्यानं लावले, टाकीचं छप्पर बदललं. नोहेआच्या पडवीत माणसं येऊ लागली, कोनाहून, हिलोहून, पर्यटकही. मान्यतेचा कागद काचेत घालून दाराशी लावला होता. नोहेआचे हात वाईट होते असं कुणी म्हटलं नाही. लोक तिच्या चटईवर झोपायचे. ती मात्र दर थोड्या दिवसांनी आईच्या खोलीत जाऊन पायाशी बसायची, आणि दोघी काही न बोलता बसून राहायच्या. नोहेआ कशाची वाट बघतेय हे दोघींना ठाऊक होतं.

एकदा दुपारी लाहेला निरफणसाखाली एकटी होती. वारा पुन्हा वाहायला लागला होता, आकाश निळं होतं. एझरा तिच्या पायाशी येऊन जमिनीवर बसला.

"आई, एकदा मला माफ कर."

"कशाबद्दल?"

"तुला माहीत आहे."

"माहीत आहे. पण माफ करायचं तर तू बोलायचंस, मी बोलायचं, मधे कुणी बसायचं. म्हणजे मलाही ते उचलावं लागणार. आणि मी ते उचलणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही." तिनं त्याच्या डोक्यावरचं वाळलेलं पान काढलं. "तू माझ्या भल्यासाठी केलंस. मला दिसतं ते. पण एझरा, ते माझं नव्हतं रे द्यायला. आणि तुझंही नव्हतं. ते त्याचं होतं."

मग एझरानं शर्टाची बटणं काढली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे पाठ केली आणि मागितलं.

"आई, दुखतंय."

तो वाट बघत राहिला. मग तिचे हात आले. आधी खांद्यावर, मग मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली. तेल नव्हतं, प्रार्थना नव्हती. हात गार होते, हलके होते, कातडीवरून पान सरकावं तसे सरकत होते. बाप ज्या हातांखाली झोपायचा तेच हे हात, असं तो मनाला सांगत राहिला.

"काही वाटतंय?" तिनं विचारलं.

"हो," एझरा म्हणाला. "बरं वाटतंय."

हात थांबले.

"खोटं बोलतोस," लाहेला म्हणाली. तिच्या आवाजात माया होती. "माझ्याही हाताला काही लागत नाहीये." तरी तिनं हात काढले नाहीत. सावली गडग्यावर चढेपर्यंत ती फिरवत राहिली, आणि तो पाठ ताठ न करता बसून राहिला.

लाहेला काहेले २००३ च्या मार्चमध्ये, एका रविवारी सकाळी, वायोहिनूतल्या आपल्या घरात वारली. नोहेआ तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन वाट बघत होती. लाहेलानं मान भिंतीकडे वळवली आणि शेवटचा श्वास तिकडेच सोडला. एझरा पुढच्या वर्षी, २००४ च्या ऑगस्टमध्ये गेला. त्याला बापाशेजारी पुरलं.